‘उपजत’, ‘आनुवंशिक’ आणि पूर्वजांची आठवण

प्रश्न असा आहे: विज्ञानविषयक लेखाच्या मसुद्यात ‘पूर्वजांच्या आनुवंशिक स्मृती आपल्यात उपजत असतात’ असं वाक्य आलं आहे. ते चालेल का? आणि ‘इन्स्टिंक्ट’ला मराठीत काय म्हणायचं?

वाक्य चालणार नाही. पण ते का चालत नाही हे पाहण्यासारखं आहे.

आधी लेखनाचं. ‘अनुवांशिक’ सर्रास छापलं जातं, तरी शुद्ध रूप ‘आनुवंशिक’. ‘इक’ प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते: समाज–सामाजिक, अनुभव–आनुभविक, तसंच अनुवंश–आनुवंशिक. मधल्या ‘वं’ला हात लावायचा नाही.

‘उपजत’ आला ‘उपजणे’पासून. संस्कृतात उत्पद्यते, प्राकृतात उप्पज्जइ, ज्ञानेश्वरीत ‘उपजे तें नाशे’. अर्थ एवढाच की जन्मतः असलेलं. ते कुठून आलं, याबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कागदावर ‘उपजत मृत्यू’ असा शब्दप्रयोग असतो. मूल मृतावस्थेतच जन्मलं, इतकंच त्यातून कळतं. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला तर बाळ बहिरं जन्मू शकतं. हे बहिरेपण उपजत खरं, पण आनुवंशिक नव्हे. उलट हंटिंग्टनचा आजार एका सदोष जनुकातून आईकडून किंवा वडिलांकडून येतो, मात्र लक्षणं बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसू लागतात. म्हणजे आनुवंशिक, पण दिसायला उपजत नाही. दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी टाकले की असा घोटाळा होतो.

‘इन्स्टिंक्ट’साठी ‘सहजप्रवृत्ती’ आणि ‘सहजप्रेरणा’ हे शब्द रूढ आहेत. सह + ज, म्हणजे सोबतच जन्मलेलं. गीतेतल्या ‘सहजं कर्म’मधला ‘सहज’ हाच. अडचण अशी की आजच्या बोलण्यात ‘सहज’ला वेगळाच अर्थ आला आहे. ‘सहज आलो होतो’ म्हणजे काही काम नव्हतं. त्यामुळे सर्वसाधारण वाचकासाठी ‘उपजत प्रेरणा’ किंवा ‘उपजत वर्तन’ मला अधिक बिनधोक वाटतं. ‘अंतःप्रेरणा’ मात्र इथे नको. ती माणसाला आतून काही सुचण्यासाठी राखून ठेवावी.

आता मुख्य मुद्दा, ‘स्मृती’चा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वाळूतून वर येतात आणि थेट समुद्राकडे चालू लागतात. आई त्यांनी पाहिलेली नसते, समुद्रही नाही. मग ही ‘पूर्वजांची आठवण’ म्हणायची का? पिल्लं चुकतात कुठे ते पाहा. किनाऱ्याजवळ प्रखर दिवे असतील तर ती पाण्याकडे पाठ फिरवून दिव्यांकडे जातात. अंधाऱ्या रात्री पाण्यावरचं क्षितिज झाडीच्या बाजूपेक्षा उजळ दिसतं, आणि ‘उजळ, खालच्या बाजूकडे सरक’ एवढा एकच नियम त्यांच्या मेंदूच्या घडणीत बसलेला असतो. समुद्र आठवत असता तर विजेचा बल्ब पाहून फसगत झाली नसती. वारशात नियम आला आहे, दृश्य नाही. म्हणूनच त्याला प्रेरणा म्हणायचं, स्मृती नाही.

आपल्या शास्त्रग्रंथांनी हा फरक फार काटेकोरपणे मांडला आहे. योगसूत्रातली व्याख्या ‘अनुभूतविषयासंप्रमोषः स्मृतिः’, म्हणजे अनुभवलेला विषय निसटू न देणं. अनुभव नाही तर स्मृती नाही. न्यायसूत्रात तर नवजात बाळाच्या दूध पिण्याच्या ओढीवरून आधीच्या जन्मातल्या सवयीचं अनुमान काढलं आहे. ते पटो न पटो, त्यातला तर्क चोख आहे: ज्याने अनुभवलं त्यालाच आठवतं, म्हणून तोच आत्मा मानावा लागतो. तिथे पूर्वजन्म आहे, पूर्वज नाहीत. मसुद्यातल्या वाक्याने या दोघांची गल्लत केली आहे.

अनुभवाचा काहीच माग पुढच्या पिढीत जात नाही, असं मात्र म्हणता येत नाही. 2013 साली अटलांटाच्या एमोरी विद्यापीठातल्या ब्रायन डायस आणि केरी रेस्लर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नर उंदरांना ॲसिटोफेनोन या रसायनाचा वास द्यायचा आणि त्याच वेळी पायांना विजेचा सौम्य झटका. त्या उंदरांची पिल्लं आणि पिल्लांची पिल्लं तो वास आला असता मोठ्या आवाजाला नेहमीपेक्षा जास्त दचकली. त्यांनी तो वास आधी कधी घेतला नव्हता, झटका तर नाहीच. कृत्रिम गर्भधारणेतून जन्मलेल्या पिल्लांच्या मेंदूतही त्या वासाशी निगडित भाग मोठा आढळला, म्हणजे बापाच्या सहवासाचा प्रश्न मिटला. या निष्कर्षांवर आक्षेपही आहेत: आकडे संशय यावा इतके नीटनेटके आहेत, आणि नाकाची खबर शुक्रजंतूपर्यंत पोहोचते कशी हे उलगडलेलं नाही. पण प्रयोग जसाच्या तसा मान्य केला तरी पिल्लांना झटका ‘आठवला’ नाही. त्यांच्यात आली ती एका वासाबद्दलची संवेदनशीलता. लेखात तोच शब्द वापरावा. जनुकाचा मजकूर न बदलता त्यावरच्या रासायनिक खुणा बदलतात, त्या प्रक्रियेला ‘अधिजनुकीय’ म्हणा. ‘एपिजेनेटिक’ लिहिलं तरी वाचक अडणार नाही.

व्याकरणाचाही एक अडथळा आहे. मराठीत ‘आईची आठवण’ म्हणजे आईबद्दलची आठवण, आईला असलेली नव्हे. त्यामुळे ‘पूर्वजांच्या स्मृती’ वाचताच डोळ्यांपुढे पितृपक्ष येतो. ‘पूर्वजांना आलेले अनुभव’ असं लिहिलं की षष्ठीचा हा दुटप्पीपणा टळतो.

बोलीने हे सगळं फार पूर्वीच मार्गी लावलं आहे. नातू ‘आजोबांच्या वळणावर गेला’ असं आपण म्हणतो, त्याला आजोबा आठवतात असं नाही. आणि ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत तर वाण आणि गुण वेगळे काढूनच ठेवले आहेत: संगतीने सवय लागते, रंग बदलत नाही.

तेव्हा वाक्य असं करावं: ‘पूर्वजांकडून आपल्याला काही उपजत प्रेरणा आनुवंशिकतेने मिळतात; त्यांच्या आठवणी मिळत नाहीत.’ मसुद्यात पुढे ‘स्मृतीभ्रंश’ असेल तर तोही दुरुस्त करा. एकटा शब्द ‘स्मृती’ दीर्घ, समासात ऱ्हस्व: स्मृतिभ्रंश, स्मृतिदिन, स्मृतिचिन्ह.