मोटरसायकलचा टायर घरी किंवा रस्त्यात स्वतः बदलता येतो का? खूप ताकद लागते का?

बदलता येतो. ताकदीचं म्हणाल तर, जोर लावावा लागतोय असं वाटलं की हात थांबवायचा, कारण काहीतरी चुकतंय.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा मागचा टायर बदलायला बसलो तेव्हा दोन टॉम्या (टायरची कड उचकटायच्या चपट्या लोखंडी दांड्या) घेऊन दीड तास झटापट केली, रिमभर ओरखडे पाडले. शेवटचा वीतभर भाग चढेना, तेव्हा सरळ टॉमीवर उभा राहिलो. चढला एकदाचा. हवा भरायला घेतली तर नव्याकोऱ्या ट्यूबमधून फुस्स! टॉमी आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटून दोन चिरा पडल्या होत्या. पुन्हा सगळं खोललं.

गोम अशी आहे की टायरच्या कडेत पोलादी तार असते आणि ती ताणली जात नाही. मग ती रिमच्या काठावरून उतरते कशी? रिम आतून नीट बघा, मधोमध खोलगट पन्हाळ असते. टॉमी जिथे लावलीय त्याच्या बरोबर समोरची कड त्या पन्हाळीत दाबून ठेवली की टॉमीकडे तेवढी ढील मिळते. म्हणून समोरच्या बाजूवर गुडघे रोवून बसायचं, काढताना आणि चढवतानासुद्धा. कडेला साबणाचं पाणी सढळ हाताने लावायचं आणि एका वेळी दोन-तीन बोटांएवढीच कड उचलायची. जास्त हावरटपणा केला की टॉमी अडकते.

घरी खरा त्रास होतो तो रिमला चिकटून बसलेली कड सोडवताना. आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्या, मग टाचेने रिमच्या अगदी लगत दाबत चाकाभोवती फिरा. नाहीच सुटली तर दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड टायरवर टेकवून ती गाडी हळूच स्टँडकडे कलवा. चाक आडवं ठेवाल तेव्हा ब्रेकची डिस्क जमिनीला लागू देऊ नका, खाली जुना टायर घाला. चाक काढतानाच एक्सल, स्पेसर (एक्सलवर अंतर राखणाऱ्या छोट्या नळ्या), बुश ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फडक्यावर मांडा. कुठला स्पेसर कुठल्या बाजूचा हे लक्षात राहील असं वाटतं, पण राहत नाही.

चढवताना टायरच्या बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना ते बघा. उलटा चढवलात तर सगळं पुन्हा. ट्यूबमध्ये गोल होण्यापुरतीच हवा भरा, म्हणजे ती मुडपत नाही आणि टॉमीखालीही येत नाही. व्हॉल्व्हचा नट दोन आटेच लावा. शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी यायला हवा. तिथली कड आधी बसवली तर ट्यूबचा जाड बुडखा मध्ये येतो, कड पन्हाळीत उतरत नाही आणि ढील मिळत नाही. हवा भरण्याआधी व्हॉल्व्ह आत ढकलून बघा, ट्यूब कडेखाली अडकली असेल तर मोकळी होते.

हवा भरल्यावर टायरच्या बाजूवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी आत गेलेली दिसली तर हवा सोडा, साबण लावा, पुन्हा भरा. टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या वर मात्र जाऊ नका. कड बसली की दाब गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा करा.

ट्यूबलेस असेल तर माझं स्पष्ट मत: चाक घरी काढा, पण टायर दुकानात चढवून घ्या. कड रिमला टेकेपर्यंत हवा बाजूने निसटत राहते. त्यासाठी एकदम झोताने भरावी लागते, पायपंपाने दमछाक होते.

रस्त्यात ट्यूबलेस पंक्चर झाला तर चाक काढूच नका. भोकात बाहेरून खुपसायची रबरी पट्टी आणि सोल्युशन तयार होईपर्यंत खिळाही तसाच राहू द्या, नाहीतर भोक शोधत बसाल. हे फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागासाठी. बाजूला चीर असेल तर पट्टीच्या भरवशावर निघू नका. ट्यूबवाल्या टायरची एकच कड उतरवली तरी पुरते. जवळ जादा ट्यूब ठेवा, उन्हात ठिगळ लावत बसण्यापेक्षा ती परवडते. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून चाचपा, पण बोटाऐवजी फडकं फिरवा. खिळ्याचं टोक असेल तर धागा अडकतो.

आणखी एक. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात. चाक बसवताना ते मागे सरकवावे लागतात, त्यामुळे निघण्याआधी ब्रेक घट्ट लागेपर्यंत चार-पाच वेळा दाबा. मी विसरलो होतो. फाटकापाशी लिव्हर थेट मुठीला टेकला आणि गाडी पायांनी थांबवली.