एडीएचडीची गोळी आणि अमेरिकेतली सैन्यभरती

ताई, न्यू जर्सीहून पाठवलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगा सतरा वर्षांचा, अकरावीत. नवव्या वर्षी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या त्रासाचं, निदान झालं, तेव्हापासून रोज सकाळी नाश्त्याबरोबर मिथाइलफेनिडेटची गोळी. शाळेत ५०४ प्लॅनमुळे, म्हणजे अशा मुलांसाठीच्या सवलतींच्या लेखी योजनेमुळे, परीक्षेला जादा वेळ मिळतो. आता त्याने आर्मीत जायचं ठरवलंय, भरती करणारा सार्जंट म्हणतो, "फॉर्मवर लिहूच नका," आणि तुम्ही विचारताय, गोळी आजच बंद करू का?

नको. गोळीचा निर्णय त्याच्या डॉक्टरांचा. बारावीचं महत्त्वाचं वर्ष तोंडावर असताना भरतीसाठी ती घाईने सोडली आणि मार्क घसरले, तर ती घसरणच त्याच्या विरोधात जाईल.

नुसतं निदान झालं म्हणून दार बंद होत नाही. संरक्षण खात्याचे वैद्यकीय निकष प्रामुख्याने चार गोष्टी बघतात: गेल्या २४ महिन्यांत औषध चालू होतं का, चौदाव्या वाढदिवसानंतर शाळेत किंवा कामावर सवलती घेतल्या का, जोडीला दुसरा मानसिक आजार होता का, आणि अभ्यासावर किंवा कामावर वाईट परिणाम झाल्याची नोंद आहे का. तुमच्या मुलाला पहिल्या दोन अडतात. म्हणजे त्याला वेव्हर, म्हणजे खास सूट, मागावी लागेल. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स आपापला निर्णय घेतात, त्यामुळे एकाचा नकार आला म्हणून दुसऱ्याचाही येईलच असं नाही.

सार्जंटचं मात्र अजिबात ऐकू नका. आता मेप्समध्ये, म्हणजे भरतीच्या तपासणी केंद्रात, जेनेसिस नावाच्या प्रणालीतून बाहेरच्या डॉक्टरांच्या आणि औषधांच्या नोंदीही दिसू शकतात. खोटी माहिती देऊन भरती होणं हा लष्करी कायद्याने गुन्हा आहे. सही मुलाची असते, सार्जंटची नाही, आणि भोगावं लागतं तेही मुलालाच. मला याची फार काळजी वाटते, कारण अठराव्या वर्षी वडीलधाऱ्या माणसाने "चालतं रे" म्हटलं की मुलं मान डोलावतात.

माझ्या मते त्याने आधी कॉलेजला जावं. आर्मी आरओटीसीचे, म्हणजे कॉलेजातच चालणाऱ्या लष्करी अधिकारी प्रशिक्षणाचे, पहिल्या दोन वर्षांचे वर्ग शिष्यवृत्ती न घेता, सैन्याशी करार न करताही करता येतात. गणवेश, कवायत, शिस्त त्याला झेपते का, आवडते का, हे तिथे कळेल. गोळीशिवाय जमेल असं डॉक्टरांना वाटलं, तर ती त्यांच्या देखरेखीखाली तेव्हा कमी करता येईल. औषधाविना चांगल्या मार्कांनी पार पडलेल्या सेमिस्टर वेव्हर मागताना सगळ्यात जास्त उपयोगी पडतील. आणि डॉक्टर म्हणाले की गोळी लागतेच, तर ती घेऊ द्या. मग आपण दुसऱ्या वाटा बघू.

तोवर निदानाचे कागद, औषधांची यादी आणि शाळेच्या गुणपत्रिका एका फाइलमध्ये लावून ठेवा. ५०४ प्लॅनची प्रतही त्यात असू द्या, ती लपवू नका. डॉक्टरांची पुढची भेट ठरली की त्यालाही सोबत न्या आणि प्रश्न त्यालाच विचारू द्या.