वेगवेगळ्या देशांत विखुरलेली इंजिनिअरिंग टीम सगळ्यांना धरून कशी चालवावी?

तुम्ही लिहिलंय की पुणे, बर्लिन आणि सिअॅटलमधल्या 11 जणांची टीम पहिल्यांदाच हाती आलीय आणि मीटिंगमध्ये तिघंच बोलतात. माझी टीमही साधारण अशीच आहे, फक्त बर्लिनच्या जागी पोलंडमधलं क्राको.

आधी माझीच चूक सांगतो. मी पुण्यातून लीड करायचो तेव्हा आम्ही सहा जण कॉन्फरन्स रूममध्ये आणि क्राकोची दोघं भिंतीवरच्या स्क्रीनवर. कॉल संपला की आम्ही चहाला जायचो आणि खरा निर्णय टपरीवर, मराठीत व्हायचा. क्राकोची एक सीनियर इंजिनिअर कॉलवर गप्प असायची. तिच्या रिव्ह्यूमध्ये ‘पुढाकार कमी’ असं लिहून मी मोकळा झालो होतो.

मग घरच्या कारणाने देवगडला आलो. जुलैची रात्र, डेटाबेसमधल्या बदलांवर कॉल. आंब्याची फांदी तारेवर पडली आणि लाईट गेली. इन्व्हर्टरवर राउटर तगला, पण थोड्या वेळाने नेटच गेलं. छत्री आणि टॉर्च घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर गेलो, तिथे मोबाईलला दोन काड्या येतात. जोडला गेलो तेव्हा ‘चला, ठरलं मग’ एवढंच ऐकू आलं. अनम्यूट केलं तर माझ्याआधी बेडूक बोलले. सगळे हसले आणि कॉल संपला. ठरलं काय होतं, तर एक जुना कॉलम त्याच आठवड्यात काढून टाकायचा. बिलिंगचा रात्री आपोआप चालणारा प्रोग्राम अजून तोच कॉलम वाचतो, हे फक्त मला माहीत होतं. सडा उतरताना क्राकोची ती बाई आठवली.

तेव्हापासून कॉलवर काहीच ‘ठरत’ नाही. ज्याला बदल हवा त्याने दोन पानं लिहायची: काय करायचं, का, आणि कुठला पर्याय सोडला. ती 48 तास सगळ्यांच्या शेऱ्यांसाठी उघडी राहतात. कॉल फक्त ज्यावर मतभेद उरलेत त्यासाठी. ही पद्धत माझी नाही. 1969 मध्ये अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवर, काम करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी स्टीव्ह क्रॉकरने त्यांच्या टिपणांना ‘आरएफसी’, म्हणजे ‘मतं कळवा’ असं नाव दिलं, ते वरून आलेला हुकूम वाटू नये म्हणूनच. इंटरनेटचे नियम आजही त्याच नावाने निघतात. आमच्याकडे हे सुरू झालं आणि ‘पुढाकार कमी’वालीचे शेरे सगळ्यांत धारदार निघाले. पुढच्या रिव्ह्यूच्या आधी मी तिची माफी मागितली.

कोकणात हे नवीन नाही म्हणा. सामायिक बाग इथल्या भावाने कराराने दिली आणि मुंबईच्या भावाला ते मे महिन्यात आल्यावर कळलं, तर दर कितीही चांगला असो, भांडण होतंच.

वेळेचं म्हणाल तर तिन्ही ठिकाणांना सोयीची वेळ नसतेच, शोधत बसू नका. हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे बर्लिनला दुपारचे चार, सिअॅटलला सकाळचे सात. त्यातल्या त्यात हेच बरं, पण दरवेळी रात्र भारतानेच का द्यायची? एक आठवडा हा कॉल, पुढच्या आठवड्यात आपण आणि युरोप दुपारी, सिअॅटलने रेकॉर्डिंग बघायचं. मार्चमध्ये जपा. अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी, आपण कधीच नाही. त्या मधल्या दिवसांत आमची अर्धी टीम एक तास उशिरा आली होती.

एक जण स्क्रीनवर असेल तर सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून यायचं, शेजारी बसले असले तरी.

आणि आपल्या ‘हो, बघतो’चं भाषांतर तुम्हालाच करावं लागेल. त्याचा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच असतो, सिअॅटलवाले तारीख लिहून घेतात. ‘जमेल ना?’ विचारलं की उत्तर हो येणारच. मी ‘कुठे अडकेल असं वाटतंय?’ असं विचारतो, मग बोलणं सुरू होतं.

रिलीजच्या कॅलेंडरवर गणपतीचे पाच दिवस मी जानेवारीतच टाकतो. क्राकोवाल्यांनी त्यांची 1 नोव्हेंबरची सुट्टी टाकायला तेव्हापासूनच सुरुवात केली, आधी कोणी विचारलंच नव्हतं.

आज साडेआठला कॉल आहे आणि पावसाने चांगलंच धरलंय. माझं म्हणणं मी दुपारीच लिहून टाकलंय.