लाइट गेली, मोटार थांबली, तिथे भीती होती

अप्पा, सप्रेम नमस्कार.

चोपड्याहून पाठवलेलं तुमचं पत्र आणि पेनड्राइव्ह मिळाला. मुलगा जळगावला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, विषय भौतिकशास्त्र. गावातल्या मित्रांना घेऊन त्याने २२ मिनिटांचा भुताचा सिनेमा केला, अहिराणीत. गणपतीत मंडळाने पडद्यावर दाखवला, तर लोक घाबरायचं सोडून हसले. आता तो म्हणतो संगीत कमी पडलं, ७० हजारांचा कीबोर्ड घेऊन द्या, मी कॉलेज सोडून मुंबईला जातो. कीबोर्ड घ्यावा का आणि पोराला जाऊ द्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी सिनेमा दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा डोळे मिटून नुसता ऐकला. संगीत कमी पडलेलं नाही, अप्पा. फार झालंय. पहिल्या मिनिटापासून पार्श्वसंगीत जे सुरू होतं ते शेवटच्या पाटीपर्यंत थांबतच नाही. आई भाकरी थापतेय, तिथेही तोच घुमणारा आवाज. सारखं वाजणारं कान लवकरच ऐकेनासा होतो. मग भूत येतं तेव्हा त्याच्याकडे आवाज वाढवण्यापलीकडे काही उरत नाही. दचकवायला लावलेला तो मोठा 'ढाण्' आवाजसुद्धा भूत दिसायच्या दोन सेकंद आधी वाजतो. बघणाऱ्याला आधीच कळतं, आता येणार. भूत आल्यावर तो हसणार नाही तर काय करणार?

पण चौदाव्या मिनिटाला एक जागा आहे. नायक रात्रीच्या लाइटवर केळीला पाणी सोडायला गेलाय. मोटार चालू आहे. लाइट जाते, मोटार घरघरत थांबते, आणि पुढचे आठ-नऊ सेकंद केळीच्या फाटक्या पानांची सळसळ तेवढी ऐकू येते. बहुधा तिथे संगीताचा तुकडा लावायचा राहून गेला असावा. माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडे ज्याने रात्री पिकाला पाणी भरलंय त्याला ती शांतता ठाऊक आहे. मोटार बंद पडली की आधी कानच दचकतात. तुमच्या मुलाच्या सिनेमातली खरी भीती तिथे आहे, आणि तिला एक रुपयाही लागलेला नाही.

कमी पैशात चांगलं संगीत होत नाही असं मात्र त्याने समजू नये. १९७८चा 'हॅलोवीन' हा अमेरिकी भयपट साधारण ३ लाख डॉलरमध्ये झाला, हॉलिवूडच्या मानाने फारच थोड्या पैशात. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने संगीत स्वतःच केलं: पियानोची एक छोटी धून, ५ मात्रांच्या ठेक्यात. केहरवा तालाच्या ८ मात्रांना सरावलेल्या कानाला ती कुठे टेकूच देत नाही. पाऊल ठेवावं आणि पायरी नसावी तसं होतं. १९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये तर संग्रहातलं तयार संगीत वापरलंय. तेव्हा तयार संगीत घेण्यात कमीपणा नाही. ते कुठून उचलायचं आणि कुठे थांबवायचं, एवढं कळायला हवं.

उचलण्यावरून आठवलं. यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा आला म्हणून तुम्ही पोलीस केसला घाबरलात. असा दावा म्हणजे गुन्हा नोंदला जाणं नव्हे. बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडे जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो. त्याने आजीच्या प्रसंगात बहिणाबाईंची ओवी एका कॅसेटवरून घेतलीय, दावा तिच्यावरच आहे. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, कवितांचं पुस्तक १९५२ साली आलं. आपल्या कायद्यात कवीच्या निधनानंतर, किंवा कविता त्यानंतर छापली असेल तर प्रकाशनानंतर, ६० वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे शब्द आता सगळ्यांचे आहेत. चाल आणि कॅसेटमधलं ध्वनिमुद्रण मात्र वेगळ्या लोकांच्या मालकीचं असू शकतं. 'दहा सेकंदांपर्यंत दुसऱ्याचं गाणं न विचारता चालतं' हे मित्रांनी सांगितलेलं खरं नाही, असा कुठला नियम नाही. त्याने त्याच ओळी आपल्या आजीकडून जात्यावर, तिच्या स्वतःच्या चालीत गाऊन घ्याव्यात. कोणी दावा लावणार नाही, आणि तो थरथरता आवाज कॅसेटपेक्षा शंभरपट लागेल.

आता तुमचे दोन प्रश्न. कीबोर्ड घेऊ नका. त्याच्या पाव पैशात हातात मावणारा एक रेकॉर्डर आणि बरे हेडफोन येतील. संकलनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आणि एक चाचणी त्याने नेहमी करावी: सगळे आवाज एकत्र करून तयार झालेलं मिक्स साध्या मोबाइलच्या स्पीकरवर ऐकावं. त्याने भुताच्या चाहुलीसाठी जो खोल घुमारा वापरलाय तो एवढ्याशा स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. गावातले निम्मे लोक तर मोबाइलवरच बघणार.

आणि कॉलेज त्याने सोडू नये, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. पुण्याच्या एफटीआयआयला, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटला, ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, कोलकात्याच्या सत्यजित रे फिल्म संस्थेतही ध्वनी शिकवतात. दोन्हीकडे पदवी लागते आणि प्रवेश परीक्षा अवघड असते. भौतिकशास्त्रातलं कंपन, वारंवारता, अनुनाद हे सगळं तिथे रोज हाताशी लागतं. पदवी न घेता मुंबईला गेला तर एखाद्या स्टुडिओत वायरी गुंडाळण्यापासून सुरुवात होईल. तशीही माणसं घडतात, मी पाहिलीत, पण परत फिरायचं ठरलं तर हातात काही नसतं. शिवाय सिनेमातला आवाज म्हणजे फक्त संगीत नाही. संवाद साफ करणारे, पावलं-दारं-भांड्यांचे आवाज नव्याने घडवणारे, चित्रीकरणाच्या जागी ध्वनी टिपणारे, डबिंगचे आणि मिक्सिंगचे लोक वेगवेगळे असतात. तुमच्या मुलाचा कल मला संगीत रचण्यापेक्षा या बाजूला दिसतो.

त्याला रागावू नका. लोक हसले हे त्याला लागलंय, म्हणून तो मुंबईचं बोलतोय. दिवाळीच्या सुट्टीत त्याने त्याच सिनेमातलं निम्मं संगीत काढून टाकावं, 'ढाण्' भूत दिसल्यानंतर आणावं किंवा आणूच नये, आणि मला पाठवावा. मी ऐकून त्याला स्वतः फोन करीन. एका रात्री तुम्ही त्याच्यासोबत मळ्यात जा. मोटार थांबतानाचा आवाज जवळून, लांबून, विहिरीच्या काठावरून असा तीन-चारदा टिपायला सांगा. रेकॉर्डरला फोमची टोपी घालायला विसरू नका, केळीत वारा फार असतो.