भिंतीवरचा मुखा

प्रिय पोरी,

सॅन फ्रान्सिस्कोच्या साउथ ऑफ मार्केट ऊर्फ 'सोमा' भागातल्या, फिलिपिनो वस्तीतल्या भिंतीसाठी तू केलेलं चित्र पाहिलं. रेषा सुरेख आहे. पण जीपनी (तिकडची रंगीबेरंगी प्रवासी जीप), नारळ, फिलिपिन्सच्या झेंड्यावरचा आठ किरणांचा सूर्य आणि मध्ये हसणारी आजी एवढंच असेल, तर ही भिंत मनिलाच्या विमानतळावरही खपून जाईल. त्या गल्लीतच ती का हवी, ते मला दिसलं नाही.

आधी रिझाल स्ट्रीटवर जा. रिझाल, माबिनी, बोनिफासिओ, तांदांग सोरा, लापुलापू ही तिथल्या बोळांची, फिलिपिन्सच्या वीरांवरून ठेवलेली नावं १९७९ पासूनची. ज्येष्ठांच्या एका इमारतीवर 'लिपी नि लापुलापू' हे १९८४ चं म्यूरल आहे. जोहाना पोएथिग, विसेंते क्लेमेंते आणि प्रेस्को ताबिओस यांचं. यातली 'लिपी' म्हणजे वंश, आपली देवनागरी नव्हे, आणि 'नि' म्हणजे 'चा'! शाळेत आपल्याला मॅगेलन शिकवला तो पृथ्वीप्रदक्षिणेचा नायक म्हणून. तो १५२१ साली फिलिपिन्समधल्या माक्तान बेटाच्या किनाऱ्यावर तिथला सरदार लापुलापू याच्या माणसांच्या हातून मारला गेला, हे आमच्या गुरुजींनी अर्ध्या वाक्यात उरकलं होतं. ती गोष्ट इथे आख्खी इमारत व्यापून आहे.

तिथून कर्नी स्ट्रीटला जा. शेतमजुरी आणि मासळीच्या कारखान्यांत हयात घालवलेले फिलिपिनो म्हातारे तिथल्या इंटरनॅशनल हॉटेलात भाड्याने राहत. त्यांना 'मानोंग' म्हणतात, आपल्या 'दादा'सारखं. पुष्कळजण एकटेच राहिले, कारण गोऱ्या बाईशी लग्न करायला कॅलिफोर्नियात कायद्याने बंदी होती आणि फिलिपिनो बायका इथे फारच थोड्या होत्या. ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. बाहेर हजारो लोक हातात हात गुंफून उभे होते, तरीही. मग ती जागा कित्येक वर्षं नुसती खड्डा होऊन पडली. नवी इमारत झाली २००५ साली. २०१६ मध्ये शहराने 'सोमा पिलिपिनास' हा सांस्कृतिक जिल्हा जाहीर केला तो कशासाठी, हे तुला त्या रस्त्यावर उभं राहिल्यावर कळेल. भाडं वाढत राहतं आणि माणसं निघून जातात. तुझ्या चित्रात ही धाकधूक कुठे आहे?

माझीच एक फजिती सांगतो. तुझ्या वयाचा असताना एका भिंतीवर मी इंटरनेटवरून उचललेला आजीचा चेहरा रंगवला. शेजारची एक बाई रोज येऊन बघायची. तिसऱ्या दिवशी विचारलं, "ही कोणाची आजी?" मला उत्तर देता येईना. परांचीवरून खाली उतरलो आणि तो चेहरा पांढऱ्याने पुसला. तागालोग या फिलिपिन्सच्या भाषेत चेहऱ्याला 'मुखा' म्हणतात, शिक्षकाला 'गुरो'. आपल्याच संस्कृतातून समुद्रमार्गे गेलेले शब्द. हे सांगून ओळख काढ, लोक हसतात आणि खुर्ची पुढे सरकवतात. मग वही काढ. कोणत्या दुकानात भेटायचे, घर कधी सुटलं, कुठला वास आठवतो, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. स्केच नंतर.

भिंतीचंही ऐक. तळाला लोणा दिसतोय. खरवडून, वाळवून मगच प्रायमर लाव, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटतील. दक्षिणेकडची भिंत आहे, भडक लाल फिका पडेल. गेरूसारखा मातकट लाल वापर, तो टिकतो. मालकाकडून परवानगी लेखी घे, आणि डागडुजी कोण करणार तेही त्यातच लिही. तोंडी वचनं इमारत विकली की हवेत जातात.

आणि एक, गल्लीत फक्त फिलिपिनो राहत नाहीत. समोरच्या घरातल्या लोकांनाही स्केच दाखव, पण त्यांना खूश करायला कोपऱ्यात त्यांचा झेंडा काढू नकोस.

पुढच्या शनिवारी ये. रंग आणू नकोस, वही आण. निदान सहा खऱ्या माणसांची नावं तीत असू देत, आणि त्यांनी दिलेल्या जुन्या फोटोंच्या झेरॉक्स.

तुझा,
मास्तर