अस्तर ६ मिलिमीटर, म्हणजे पातळ का?

प्रश्न : वय २७. दोन वर्षांपूर्वी गर्भपात झाला, तेव्हा पिशवी साफ केली होती. त्यानंतर दिवस राहिले नाहीत. पाळीच्या आठव्या दिवशी सोनोग्राफी केली, गर्भपिशवीचं आतलं अस्तर ६ मिलिमीटर आलं. सासूबाई डिंकाचे लाडू देतात. त्यानं अस्तर वाढेल का?
– एक वाचक, जिंतूर तालुका, जि. परभणी

उत्तर : ताई, आठव्या दिवशी ६ मिलिमीटर म्हणजे पातळ नव्हे. अस्तराचा आकडा दिवसाशिवाय वाचायचाच नसतो. पाळी संपते तेव्हा ते १ ते ४ मिलिमीटरच उरतं. मग अंडाशयात वाढणाऱ्या बीजाच्या फुग्यातून इस्ट्रोजन हे संप्रेरक (हार्मोन) येतं आणि बीज फुटायच्या सुमारास अस्तर ८ ते १२ पर्यंत जातं. पडद्यावर तेव्हा तीन पांढऱ्या रेघा आणि मध्ये काळपट पट्टे दिसतात.

नुसत्या जाडीनं मात्र भागत नाही. पाऊस झाला म्हणून कुणी चिखलात पेरत नाही, वापसा यावा लागतो. अस्तराला वापसा आणतं प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक. बीज बाहेर पडल्यावर त्या रिकाम्या फुग्यातूनच ते तयार होतं. त्यानं अस्तराची वाढ थांबते, ग्रंथी स्प्रिंगसारख्या वळतात, त्यांत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जमतो, रक्तवाहिन्या वेटोळ्या होतात, पेशी फुगतात. २८ दिवसांची पाळी असेल तर साधारण २० ते २४ या दिवसांतच गर्भ रुजू शकतो. रुजला की त्यानं सोडलेल्या एचसीजी या संप्रेरकामुळे प्रोजेस्टेरॉन चालू राहतं. नाही रुजला तर ते घटतं आणि अस्तर पाळीवाटे गळून जातं. म्हणून बीज फुटायच्या आधीच प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. वापसा अवेळी येऊन जातो.

लाडू खुशाल खा, पण अस्तर त्यानं वाढत नाही.

तुमच्या बाबतीत मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पिशवी साफ केल्याचं. खरवडताना खालचा थर दुखावला तर अस्तर पुन्हा नीट उगवत नाही, आत भिंती चिकटतात. तेव्हापासून पाळीत अंगावरून कमी जातंय का? तसं असेल तर दुर्बिणीतून तपासणी करावी लागेल. दिवस न राहण्याचं दुसरं कारण म्हणजे पिशवीचा टीबी. खोकला नसतानाही तो असू शकतो. अस्तराचा तुकडा तपासला तर कळू शकतो, आणि त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

पुढच्या पाळीत बाराव्या-तेराव्या दिवशी योनीमार्गातून सोनोग्राफी करा. रिपोर्टवर पाळीचा दिवस, अस्तराची जाडी, तीन रेघा दिसल्या का आणि बीजाच्या फुग्याचा आकार, हे लिहून मागा. जाडी ७ च्या खाली आली, तर गर्भपाताच्या वेळचे कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा.