पंचायतीच्या नसबंदी मोहिमेत वाड्यावरच्या कुत्र्यांचे हाल होऊ नयेत म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय, गेल्या खेपेला नसबंदीहून आलेल्या कुत्रीच्या टाक्यांत पू झाला, म्हणून यंदा कुत्री पकडणारी गाडी आली की अडवायची का? अडवू नका. गाडीबरोबर जा.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. गेली सात-आठ वर्षं गाडी आली की आमच्या वाड्यावर पुढे मीच असतो, कारण दुसरं कोणी पहाटे उठत नाही. ऑपरेशनच्या वेळी भूल दिलेली असते, कुत्र्याला काही कळत नाही. हाल होतात ते त्याच्या आधी आणि नंतर. नसबंदी केंद्रात काढलेले गर्भाशय, अंडकोश मोजून ठेवतात, त्यावरून आकडा ठरतो. आठव्या दिवशी कोणाचा टाका उसवला, ते मोजायला कोणी फिरकत नाही.

आमच्याकडे चिमी आहे. तांबडी, एक कान जन्माचा पडलेला. 2019 साली तिला नेलं आणि पाचव्या दिवशी पंचायतीच्या दारात आणून सोडलं. आमचा वाडा तिथून तीन किलोमीटर, वाटेत आणखी दोन वाडे, म्हणजे दोन परक्या टोळ्या. नवव्या दिवशी ती पोफळीच्या कुळागरात पाटाशेजारी सापडली. मागची मांडी फाडलेली, पोटावरचे टाके मात्र छान सुकलेले. डॉक्टरचं काम चोख होतं. घोळ केंद्राच्या वहीत होता: 'कुठून पकडली' या रकान्यात नुसतं गावाचं नाव.

तेव्हापासून मी प्रत्येक कुत्र्याचा फोटो काढतो, मागे कुणाचं तरी घर किंवा तुळशीवृंदावन दिसेल असा. गळ्यात नंबर बांधला की त्याचाही काढतो आणि तिथल्या तिथे गाडीवाल्याच्या मोबाइलवर पाठवतो. जिथून उचललं तिथेच सोडायचं, हे प्राण्यांच्या नसबंदीच्या 2023 च्या सरकारी नियमांतच आहे, त्यामुळे भांडावं लागत नाही, फोटो दाखवला की पुरे. एक अपवाद लक्षात असू द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2025 च्या आदेशानुसार शाळा, इस्पितळं, बसस्थानकं यांच्या आवारातली कुत्री परत तिथे सोडायची नाहीत. तुमची कुत्री शाळेच्या व्हरांड्यात झोपत असतील तर ती कुठे ठेवणार, हे आधीच विचारून घ्या.

पकडायला पोदेराची, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याची, वेळ उत्तम. भोंगा वाजला की सगळी पावाच्या आशेने रस्त्यावर येतात, आणि ऊनही नसतं. ओळखीच्या माणसाने हाक मारली तर जाळं एकदाच टाकावं लागतं; पाठलाग झाला की ते कुत्रं पुढची दोन वर्षं गाडीचा आवाज ऐकूनच पळतं. बिस्किटं दाखवा, पण ऑपरेशन त्याच दिवशी असेल तर खायला घालू नका. भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. कुत्रीचे सड लोंबत असतील तर पिल्लं कुठेतरी जवळच असणार. "हिला राहू दे, दोन महिन्यांनी या" असं तोंडावर सांगा, ऐकतात. कानाला कापलेली खाच असेल तर तिचं ऑपरेशन झालेलंच आहे. आणि गाडी भरली की चहाला थांबायचं नाही! मे महिन्यात उन्हात उभ्या पत्र्याच्या गाडीत धापा टाकणारी कुत्री मी पाहिली आहेत.

परत आल्यावर आठ-दहा दिवस रोज पोटाकडे बघा. थोडी सूज चालते. पू, दुर्गंधी किंवा जेवण सोडलेलं चालत नाही, लगेच केंद्राला फोन करा. घासलेट, फिनेल काही लावू नका. माणसाची दुखण्याची गोळी तर मुळीच देऊ नका, आयब्युप्रोफेनने कुत्रं मरू शकतं. आठवड्या-दोन आठवड्यांत नाकाडोळ्यांतून घाण येऊ लागली तर लोक ऑपरेशनला दोष देतात; बहुतेकदा तो डिस्टेंपर हा कुत्र्यांचा संसर्गजन्य रोग असतो, गर्दीच्या पिंजऱ्यात शेजारच्याकडून लागलेला. मोहिमेत सहसा रेबीजचीच लस देतात, याची नाही. म्हणून केंद्रात एका पिंजऱ्यात किती कुत्री ठेवता, हे विचारायला लाजू नका. मी तर एकदा सरळ आत जाऊन बघून आलो, कोणी अडवलं नाही.

पावसाळ्यात मोहीम ठेवली असेल तर मात्र पुढे ढकलायला सांगा. ओल्या जमिनीवर झोपणाऱ्या कुत्रीचं पोट सुकणार कसं? त्यात किनारपट्टीच्या गावांत शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं, मोडले की खरकटंही बंद होतं, कुत्री हाडकुळी होतात, अशा अंगावर जखम भरायला वेळ लागतो. आमच्या पंचायतीने जुलै ठरवला होता. ग्रामसभेत आम्ही सहा जणांनी सह्यांचा अर्ज दिला, तारीख दिवाळीनंतर गेली. रविवारची सकाळ गेली एवढंच.